पातेल्यात बिअर : आठ आठवड्यांचा अनुभव

७ डिसेंबरला, रविवारी सकाळी दादाचा फोन आला. १ फेब्रुवारीला त्याला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. "काही आणू नकोस, भेट नको, फक्त ते मटण करशील? बिअरमध्ये शिजवलेलं?" नोकरीच्या निमित्तानं दोन वर्षं तो बेल्जियममध्ये होता. तिथं हिवाळ्यात खाल्लेल्या त्या पदार्थाची आठवण तो अजून काढतो. तिथले फ्लेमिश, म्हणजे डच बोलणारे, लोक त्याला स्टोफव्लेस म्हणतात. मूळचा पदार्थ गोमांसाचा. भरपूर कांदा, गडद बिअर आणि वर मोहरीची पेस्ट लावलेला पाव, असं सगळं तासन्‌तास मंद आचेवर शिजतं.

मी "हो" म्हणून बसले आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला. आमच्या घरात बिअर कधी आलेलीच नाही. चव माहीत नाही, प्रकार माहीत नाहीत, आणि जेवायला चौदा माणसं. त्या रात्री मी दहा-बारा कृती वाचल्या. एकीत लिहिलेलं, "कोणतीही बिअर चालेल." दुसरीत, "हलकी बिअर घेतलीत तर पदार्थ फसलाच." जवळजवळ प्रत्येकीत एक वाक्य होतं, "शिजवल्यावर दारू उडून जाते." पुढं कळलं की पहिलं आणि शेवटचं, दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

एकदम मटणाला हात घालायचा नाही, एवढं त्या रात्री ठरवलं. आधी बिअरची ओळख करून घ्यायची. एक वही केली. दर रविवारी एक प्रयोग, आणि काय घातलं, किती वेळ लागला, चव कशी आली, ते त्याच दिवशी लिहून काढायचं.

१४ डिसेंबरला तळणीपासून सुरुवात केली, कारण त्यात एकच बाटली लागते आणि फसलं तरी नुकसान थोडं. १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम तांदळाचं पीठ, मीठ आणि फ्रिजमधली गारेगार साधी लागर, म्हणजे फिकट, हलकी बिअर. पहिली अडचण मापाचीच आली. कपात बिअर ओतली की निम्मा कप फेसाचा. फेस बसेपर्यंत थांबावं तर बुडबुडे जातात, आणि तळणीत ते बुडबुडेच तर हवे असतात. शेवटी भांडं वजनकाट्यावर ठेवलं आणि वजनावर ओतली. एक मिलीलीटर म्हणजे जवळपास एक ग्रॅम, घरच्या कामाला हा हिशेब पुरतो. पिठाला सुमारे २३० ग्रॅम बिअर लागली. पीठ फेटायचं नाही, काट्यानं पाच-सहा वेळा फिरवायचं आणि गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. कांद्याच्या चकत्या आणि माशाचे तुकडे आधी कोरड्या पिठात घोळवले, मग त्यात बुडवून १८० अंशांच्या तेलात सोडले.

पहिली चकती तेलात पडली तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पिठाचा थर क्षणात फुलला, त्यावर बारीक बारीक छिद्रं उमटली आणि त्या छिद्रांच्या कडा आधी सोनेरी झाल्या. बिअरमधला वायू तेलात फुगतो. अल्कोहोल पाण्याच्या आधी वाफ होऊन जातो, शिवाय मैद्यात चिवटपणा फारसा तयार होऊ देत नाही. बार्लीच्या माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, साखर रंग चढवते. तीन-चार मिनिटांत तयार. उरलेलं पीठ अर्ध्या तासानं वापरलं तर तेच तळण मऊ आणि जड झालं. म्हणजे बिअर घातलेलं पीठ भिजवून ठेवायचं नाही, तेल तापलं की मगच बाटली उघडायची.

त्या दिवशी धीर आला. पुढच्या रविवारी तो थोडा कमी झाला.

२१ डिसेंबरला पाव. एका कृतीत लिहिलं होतं की बिअरमध्ये यीस्ट असतंच, वेगळं काही घालायला नको. ३७५ ग्रॅम मैदा, दोन चमचे साखर, मीठ, ३३० मिलीची एक बाटली. तासाभरानं ओव्हनमधून वीट निघाली. सुरी लागेना. कारण शोधलं तेव्हा कळलं की बाजारात मिळणारी बहुतेक बिअर गाळलेली आणि पाश्चराइज केलेली असते, त्यामुळे पीठ फुगवायला त्यात जिवंत यीस्ट उरत नाही. बुडबुड्यांतला वायू तर पीठ कालवतानाच निघून जातो. पाव फुगवायचं काम बेकिंग पावडरचं, चव आणि वास देणं बिअरचं. २८ तारखेला तेच प्रमाण घेऊन त्यात मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिलीच्या मापानं, बेकिंग पावडर घातली, वरून वितळवलेलं लोणी सोडलं आणि १९० अंशांवर ५० मिनिटं भाजलं. घरभर भाजलेल्या धान्याचा वास सुटला. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आत दाट मऊ. मळायचं नाही, फुगायची वाट बघायची नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं हा पाव सगळ्यात आधी करावा असं मी सांगेन. माझा क्रम चुकला.

४ जानेवारी हा या सगळ्यातला सर्वांत वाईट दिवस. पहिल्यांदा मटण केलं. अर्धा किलो घेतलं, तालीम म्हणून. दुकानात गडद बिअर नव्हती. विक्रेत्यानं "ही फार चवदार आहे" म्हणून आयपीएच्या, म्हणजे इंडिया पेल एल या बिअरच्या प्रकाराच्या, दोन बाटल्या दिल्या. नाकाला लावली तर संत्र्याच्या सालीसारखा, फुलांसारखा सुंदर वास. मी खूश. कांदा परतला, मटण परतलं, दोन्ही बाटल्या ओतल्या आणि अडीच तास मंद आचेवर ठेवलं. रस आटून निम्म्याहून कमी झाला, रंगही छान आला. चमचाभर तोंडात घातला आणि थुंकावा लागला. कडूजहर. घोट गेल्यावरही जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा कितीतरी वेळ रेंगाळत राहिला. साखर घातली, मग आणखी घातली. गोड आणि कडू असं काहीतरी विचित्र झालं. बटाटे टाकले, तेही कडू. रात्री नऊ वाजता सगळं टाकून दिलं. अर्धा किलो मटण आणि सबंध दुपार गेली याचं वाईट वाटलंच, पण जास्त भीती पुढची होती. हेच १ फेब्रुवारीला झालं असतं तर?

रात्री झोप येईना, म्हणून कारण शोधत बसले. बिअरचा कडवटपणा हॉप्स या वेलीच्या फुलांतून येतो. बिअर तयार करताना हॉप्स उकळतात तेव्हा त्यातल्या अल्फा आम्लांचं रूप बदलतं आणि ती कडू होतात. ही कडू द्रव्यं वाफेबरोबर उडत नाहीत. उडतो तो वास. म्हणजे मला आवडलेला तो संत्र्याचा सुगंध पहिल्या अर्ध्या तासातच नाहीसा झाला आणि कडूपणा मात्र सगळाच्या सगळा पातेल्यात राहिला. रस आटून निम्मा झाला की प्रत्येक चमच्यातला कडूपणा दुप्पट होतो. कडूपणा मोजायला आयबीयू हे एकक आहे. आयपीएचा आकडा साधारण ४० ते ७०, आणि बेल्जियमच्या तपकिरी डुबेल प्रकाराचा २० च्या आसपास. सगळ्याच बाटल्यांवर हा आकडा छापलेला नसतो. पण "हॉपी", "बिटर", "आयपीए" यांपैकी काही लिहिलेलं दिसलं, तर आटवायच्या पदार्थासाठी ती बाटली खाली ठेवावी. तळणीला तीच चालते, तिथं आटवणं नाहीच.

यातूनच मला माझी चाचणी सुचली, आणि सबंध आठ आठवड्यांत सगळ्यात उपयोगी पडली ती हीच. कोणतीही बिअर पदार्थात घालण्याआधी तिची १०० मिली छोट्या पातेलीत घ्यायची, ५० मिली होईपर्यंत आटवायची, चिमूटभर मीठ घालायचं आणि गार करून चाखायची. मीठ विसरू नका, मिठानं कडूपणा दबतो आणि प्रत्यक्ष पदार्थातली चव कळते. दहा मिनिटांचं काम आहे. ११ जानेवारीला तीन बाटल्या आणून तिन्हींची अशी परीक्षा घेतली. साधी लागर आटल्यावर पातळ, किंचित धान्याची चव, बाकी काही नाही. स्टाउटला, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळपट बिअरला, करपलेल्या कॉफीसारखी चव, चांगली पण जड. पावात किंवा चॉकलेट केकमध्ये शोभेल. डुबेल आटून जवळजवळ सरबतासारखी दाट झाली, मनुका आणि जळवलेल्या साखरेची चव, कडूपणा अगदी शेवटी आणि थोडा. चमचा चाटला आणि कळलं की दादा ज्याची आठवण काढतो ते हेच असणार.

तिन्ही बाटल्यांतली उरलेली बिअर फेकली नाही. फेस गेलेली बिअर मटणाला आणि पावाला पूर्ण चालते. फक्त बाटली उन्हात ठेवू नका. एक हिरवी बाटली मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चार दिवस विसरले होते, तिला उग्र घाण वास यायला लागला. उजेडानं हॉप्सच्या त्याच कडू द्रव्यांपासून गंधकाचा वास येणारं संयुग तयार होतं. तपकिरी काचेत हे बरंच टळतं.

१८ जानेवारीला दुसरी तालीम. या वेळी घाई केली नाही. कांदा लोण्यात ४० मिनिटं परतला, गडद तपकिरी होईपर्यंत. मटणाचे मोठे तुकडे पुसून कोरडे केले आणि थोडे थोडे करून परतले. एकदम टाकले की पाणी सुटतं आणि रंग येत नाही. तळाला जे खरपूस चिकटतं तेच पुढं रशाची चव होतं. बिअर ओतताना गॅस बंद केला, कारण पहिल्या वेळी तापलेल्या पातेल्यात बिअर घालताच फेस भसकन वर आला होता आणि शेगडीवर उतू गेला होता. खोल पातेलं घ्या आणि काठाकाठानं ओता. मग तमालपत्र, थाइम, चमचाभर ब्राउन शुगर. दीड तासानं पावाच्या एका स्लाइसला मोहरीची पेस्ट चोपडून ती बाजू खाली करून वर ठेवली. हळूहळू ती विरघळली आणि रस आपोआप दाट झाला. शेवटी छोटा चमचा व्हिनेगर. ते घालण्याआधी चव गोडसर, बसकी लागत होती. व्हिनेगरनं ती उठली.

नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि काही न बोलता पावाचा दुसरा तुकडा तोडला. मी वहीत तारखेपुढे फक्त "जमलं" असं लिहिलं.

पण एक गोष्ट मनात सलत होती. जेवायला मामा येणार होते. मामांनी दारू सोडून चार वर्षं झाली. ती चार वर्षं त्यांनी कशी काढली हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. "शिजवल्यावर दारू उडून जाते" या वाक्यावर विसंबून त्यांच्या पानात हे वाढायचं?

शोधल्यावर अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता मिळाला. यावरचा मूळ अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला होता. भाजण्याच्या किंवा मंद आचेवर शिजवण्याच्या पदार्थात अल्कोहोल मिसळून १५ मिनिटं शिजवलं तर ४० टक्के उरतं, अर्ध्या तासानं ३५, एका तासानं २५, दीड तासानं २०, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. उकळत्या रसात घालून लगेच आच बंद केली तर ८५ टक्के तसंच राहतं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असताना ते एकटं बाहेर पडत नाही, पाण्याच्या वाफेबरोबर थोडं थोडं जातं. भांड्याचं तोंड रुंद असेल तर लवकर, झाकण घट्ट असेल तर उशिरा. म्हणून प्रेशर कुकरमध्ये वेळ वाचला तरी या बाबतीत तो उपयोगाचा नाही.

मग वहीत हिशेब मांडला. समारंभाला ३३० मिलीच्या चार बाटल्या लागणार होत्या, म्हणजे १,३२० मिली. लेबलवर एबीव्ही, म्हणजे आकारमानानं अल्कोहोलचं प्रमाण, ७ टक्के. अल्कोहोल सुमारे ९२ मिली. अडीच तासांनी ५ टक्के धरलं तर साडेचार मिलीच्या आसपास, मामा सोडून तेरा माणसांत प्रत्येकी ०.३५ मिली. तेच अर्ध्या तासात उरकलं असतं तर प्रत्येकी अडीच मिली. मोठ्या माणसाला ०.३५ म्हणजे काहीच नाही. पण काहीच नाही आणि शून्य यांत मामांसाठी फरक असू शकतो. तो ठरवायचा अधिकार माझा नव्हता.

२५ जानेवारीला त्यांना फोन केला. बोलायला अवघडल्यासारखं होत होतं. आकडे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, किती उरते त्याची मला भीती नाही. वास आणि चव तीच असते ना? ती जिभेला परत नको. माझ्यासाठी वेगळं कर. आणि आधी विचारलंस, बरं केलंस." मी म्हटलं, "मामा, बिनअल्कोहोलची बिअर घालून करू का?" ते म्हणाले, "तीही नको." आणि त्यांचं बरोबरच होतं. बऱ्याच देशांत अशा बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं आणि वास तर तोच असतो.

त्याच दिवशी बाकीच्यांनाही फोन केले. वहिनीच्या बहिणीला ग्लुटेन, म्हणजे गहू-बार्लीतलं प्रथिन, वर्ज्य आहे, हे मला तेव्हा कळलं. बिअर बार्लीची असते, त्यामुळे पाव आणि मैदा वगळूनही हे मटण तिला चाललं नसतं. म्हणजे दुसऱ्या पातेल्याला दोन माणसं झाली. काही बिअर माशाच्या हवापिशवीपासून केलेल्या आयसिंग्लासनं नितळ करतात. म्हणून शाकाहारी पाहुण्यांसाठी बिअरचा पाव करणार असाल तर तेही लेबलवर किंवा कंपनीकडे तपासून घ्या.

३१ जानेवारीला, शनिवारी, सकाळी नऊला सुरुवात केली. सव्वादोन किलो मटण, दीड किलो कांदा. कांदा चिरायलाच पाऊण तास गेला, आणि एवढा कांदा तपकिरी व्हायला ४० मिनिटांऐवजी सव्वा तास लागला. प्रमाण वाढवलं की वेळही वाढतो, हे गृहीत धरायला हवं होतं. मामांचं पातेलं आधी केलं, चमचा आणि चाटू वेगळे ठेवले. त्यात बिअरऐवजी हाडांचं पाणी, जास्त परतलेला कांदा, चार-पाच मनुका वाटून आणि थोडं जास्त व्हिनेगर. दाटपणासाठी उकडलेला बटाटा कुस्करून. मग मोठं पातेलं. शिजवण्याचे अडीच तास मी घड्याळ लावून मोजले, आणि ते मोजले बिअर घातल्यापासून. दुपारी चारला दोन्ही तयार. गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी रस मुरतो आणि उरलेला कडवटपणाही मऊ होतो, हे तालमीच्या वेळी लक्षात आलं होतं. दोन्ही पातेल्यांवर कागद चिकटवले, "बिअर आहे" आणि "बिअर नाही".

हिशेब सांगायचा तर एकूण चौदा बाटल्या लागल्या. तळणीला एक, पावाला दोन, आयपीएच्या दोन, परीक्षेच्या तीन, दुसऱ्या तालमीला दोन, समारंभाला चार. मटणापेक्षा सगळी मिळून बिअर महाग पडली. तुम्ही चाचणीपासून सुरुवात केलीत तर निम्म्यात होईल.

१ फेब्रुवारीला दादानं झाकण काढलं, वाकून वास घेतला आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. जेवताना तो फारसा बोलला नाही. पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून घेतली, मग वाढायच्या भांड्याचा तळही. मामांनी दोनदा मागून घेतलं, आपल्या पातेल्यातलं.

निघताना वहिनीनं उरलेलं डब्यात भरून घेतलं. मी मोठ्या पातेल्यावरचा "बिअर आहे" हा कागद सोडवला आणि त्यांच्या डब्यावर चिकटवला, कारण त्यांच्या घरी सात वर्षांची मुलगी आहे आणि फ्रिज तीच आधी उघडते.